नळीच्या किल्लीचे कुलूप : ओळख, इतिहास आणि किल्ली हरवल्यावरचे मार्ग

सपाट, दातेरी किल्ली आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तिजोरीची लांब दांड्याची किल्लीही अनेकांनी हाताळलेली असते. परंतु एखाद्या लोखंडी कपाटाच्या, दानपेटीच्या, लिफ्टच्या फलकाच्या किंवा जुन्या संगणकाच्या तोंडावर वर्तुळाकार भोक, त्या भोकाच्या मध्यभागी बारीकसा खांब आणि खांबाभोवती गोलाकार ठिपके दिसले, की सामान्य माणूस गोंधळतो. या कुलपाची किल्ली पोकळ नळीसारखी असते आणि तिच्या टोकाशी लहानमोठ्या खाचा असतात. ती हरवली तर कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडेही तिचा साचा मिळेलच असे नाही. मग पेचकस, हातोडी आणि शेवटी ड्रिल अशा क्रमाने प्रयोग सुरू होतात, आणि पुष्कळदा कुलूप वाचत नाही, कपाटही वाचत नाही.

गोवा, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी दीर्घकाळ वसलेल्या मराठी समाजाच्या संस्थांना हा प्रश्न अधिक जाणवतो. वाचनालये, शिक्षणसंस्था, देवस्थाने, नाट्यमंडळे यांची कपाटे अनेक वर्षे एकाच चिटणिसाच्या ताब्यात असतात. ते गृहस्थ निवर्तले किंवा गाव सोडून गेले, की किल्ली कोणापाशी आहे हे सांगणारे कोणी उरत नाही. कपाटात मात्र सभांची इतिवृत्ते, जमिनीची कागदपत्रे, देणगीच्या नोंदवह्या, कधी मोडी लिपीतील बाडे असतात. कुलूप नवे मिळते, ते कागद पुन्हा मिळत नाहीत. म्हणून अशा कुलपाची ओळख, त्याची घडण आणि ते रीतसर उघडण्याचे मार्ग यांची माहिती येथे एकत्र दिली आहे.

दोन वेगळी कुलुपे, एकसारखी किल्ली

नळीसारखी किल्ली लागणाऱ्या कुलपांचे मुख्यतः दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत केल्यास उपायही चुकतो.

पहिला प्रकार पिनांच्या कुलपाचा. आज कपाटे, विक्रीयंत्रे, नाण्यांवर चालणारी यंत्रे, लिफ्ट, गजराची यंत्रणा, सायकलीचे साखळदंड यांवर दिसते ते बहुधा हेच. अमेरिकेतील शिकागो लॉक कंपनीने १९३३ पासून ‘एस’ या नावाने ते प्रचारात आणले. पुढे इतर अनेक कारखान्यांनी तशीच कुलुपे बनविली. १९८४ साली आलेल्या आयबीएमच्या ‘पीसी एटी’ संगणकाच्या दर्शनी भागावरही असेच कुलूप होते. नंतरच्या काळात आपल्याकडील कार्यालयांत आलेल्या अनेक संगणकांच्या पेट्यांवर ते दिसे.

दुसरा प्रकार याहून दीडशे वर्षांनी जुना आहे. जोसेफ ब्रॅमा या इंग्रज कारागिराने १७८४ साली त्याचे पेटंट घेतले. यात पिना नसून धातूच्या पातळ सरकपट्ट्या असतात. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लेखनपेट्या, दागिन्यांचे डबे, मेजांचे खण यांना हे कुलूप पुष्कळदा बसविलेले असे. जुन्या वाड्यांत, सरंजामदार घराण्यांत किंवा वकिलांच्या कचेरीत जपून ठेवलेल्या अशा पेटीवर ते आढळू शकते. ते निव्वळ कुलूप नसून जुनी वस्तू म्हणूनही मोलाचे असते. त्याला ड्रिल लावणे म्हणजे पेटीचे निम्मे मोल घालविणे होय.

पिनांच्या कुलपाची घडण

पिनांच्या कुलपाचे तत्त्व अतिशय जुने आहे. प्राचीन इजिप्तमधील लाकडी कुलपांत ते वापरलेले होते. अमेरिकेतील लायनस येल यांच्या पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकात त्याला आजचे रूप दिले आणि १८६० च्या दशकात धाकट्या येल यांनी सपाट किल्लीचे कुलूप घडविले. आपल्या दाराला असते ते कुलूप याच घराण्यातले. त्यात पिना एका ओळीत उभ्या असतात. नळीच्या कुलपात त्याच पिना वर्तुळात मांडलेल्या असतात आणि त्यांची दिशा किल्लीच्या दिशेला समांतर असते. फरक एवढाच.

कुलपाचे दोन भाग एकमेकांना टेकलेले असतात, एक स्थिर आणि दुसरा फिरता. दोन्ही भागांत समोरासमोर भोके असतात. प्रत्येक भोकात पुढे एक पिन, तिच्यामागे दुसरी पिन आणि तिच्याही मागे बारीक स्प्रिंग असते. किल्ली नसताना स्प्रिंग मागच्या पिनेला पुढे रेटते. ती पिन अर्धी एका भागात आणि अर्धी दुसऱ्या भागात अडकून राहते, त्यामुळे फिरता भाग हलत नाही. योग्य किल्ली आत दाबली, की तिच्या टोकाच्या खाचा प्रत्येक पिनेला नेमक्या हव्या तेवढ्या अंतरावर मागे ढकलतात. दोन पिनांचा सांधा आणि दोन भागांचा सांधा एका पातळीत आला, की अडसर संपतो आणि कुलूप फिरते. खाच खोल असेल तर पिन कमी दाबली जाते, उथळ असेल तर जास्त. एकाही पिनेचे माप चुकले तर कुलूप जागचे हलत नाही.

किल्लीच्या नळीला आतून किंवा बाहेरून एक लहानसा उंचवटा असतो. कुलपाच्या तोंडावरील खाचेत तो बसला तरच किल्ली आत जाते. त्याची कामे तीन : किल्ली योग्य दिशेने बसविणे, फिरता भाग वळविणे आणि किल्ली अर्धवट फिरलेली असताना ती बाहेर निघू न देणे.

बहुतेक कुलपांत सहा ते आठ पिना असतात. सात पिनांचे कुलूप सर्वांत अधिक प्रचारात आहे. चार पिनांची स्वस्त आणि दहा पिनांची विशेष कुलुपेही असतात. सात पिना आणि प्रत्येकीच्या खाचेच्या आठ खोल्या धरल्या, तर कागदावर २०,९७,१५२ वेगवेगळ्या किल्ल्या संभवतात. आठ पिना धरल्यास हाच आकडा १,६७,७७,२१६ होतो. प्रत्यक्षात कारखाने यातले सर्व संयोग वापरत नाहीत. सगळ्या खाचा सारख्या असलेली किल्ली, उदाहरणार्थ, टाळली जाते. तरीही आकडा मोठाच राहतो. मग अशी कुलुपे किल्लीवाचून उघडतात कशी?

मोठा आकडा आणि त्यातली फसगत

याचे उत्तर कारखान्यातील मापांच्या मर्यादेत आहे. कोणतेही यंत्र सात भोके तंतोतंत सारखी पाडू शकत नाही. केसाच्या जाडीहूनही कमी का होईना, फरक राहतो. त्यामुळे फिरत्या भागावर हलका ताण दिला, की सातही पिना एकाच वेळी अडकत नाहीत. एखादीच घट्ट धरली जाते. ती योग्य जागी गेली, की पुढची अडकते. म्हणजे सातांचा संयोग एकदम शोधावा लागत नाही, एकेक पिन स्वतंत्रपणे शोधता येते. वीस लाखांच्या जागी सात वेळा आठ, म्हणजे फार तर छप्पन्न चाचण्यांचा प्रश्न उरतो. कुलपाच्या जाहिरातीतील लाखांचा आकडा आणि कुलपाची खरी मजबुती यांत एवढे अंतर असते.

नळीच्या कुलपात या सामान्य दोषाला आणखी एकाची भर पडते. सपाट किल्लीच्या कुलपात पिना अरुंद फटीत, एकीमागे एक दडलेल्या असतात. येथे मात्र सर्व पिनांची तोंडे समोर उघडी असतात. सर्वांना एकाच वेळी स्पर्श करणारे साधन बनविणे त्यामुळे सोपे जाते. किल्लीवाल्यांच्या व्यवसायात नळीच्या कुलपासाठी असे खास हत्यार असते. पिनांच्या संख्येइतक्या सरकत्या पात्या असलेली ही नळी कुलपात बसवून हलका ताण दिला, की प्रत्येक पाती आपापल्या पिनेच्या योग्य मापावर येऊन थांबते. कुलूप उघडल्यावर त्याच पात्यांवरून खाचांची मापे वाचून नवी किल्लीही कापता येते.

या कुलपाचे एक वैशिष्ट्य मात्र उघडणाऱ्याच्या विरुद्ध जाते. पिना वर्तुळात सारख्या अंतरावर असल्याने फिरता भाग थोडा वळून पुढच्या भोकांसमोर येताच स्प्रिंगा पिनांना पुन्हा पुढे ढकलतात आणि कुलूप परत अडकते. पिना जागच्या जागी धरून न ठेवणाऱ्या साध्या तारेने काम करणाऱ्यास एकाच फेऱ्यात तेच काम पुन्हा पुन्हा करावे लागते. घरगुती प्रयोगांत कुलूप ‘थोडे फिरले आणि अडकले’ अशी तक्रार येते, तिचे कारण हेच. अशा अर्धवट अवस्थेत अडकलेले कुलूप मूळ किल्लीनेही उघडत नाही, कारण किल्लीचा उंचवटा खाचेसमोर येत नाही. म्हणून जाणकाराला बोलाविण्यापूर्वी पेचकसाने फिरवाफिरव करू नये.

पिकाडिली १८५१ आणि बॉलपेन २००४

नळीच्या किल्लीच्या कुलपांच्या इतिहासात दोन प्रसंग विशेष महत्त्वाचे आहेत.

ब्रॅमाने आपल्या कुलपाची घडण इतकी काटेकोर ठेवली होती, की ते बनविण्यासाठी नवी यंत्रे तयार करावी लागली. त्या कामी त्याच्याकडे आलेला तरुण कारागीर हेन्री मॉड्स्ले पुढे यंत्रहत्यारांच्या इतिहासातील अग्रगण्य नाव ठरला. लंडनमधील १२४, पिकाडिली येथील ब्रॅमाच्या दुकानाच्या खिडकीत एक आव्हानकुलूप मांडलेले असे. ते किल्लीवाचून उघडणारे साधन बनवील त्याला २०० गिनींचे बक्षीस, असे त्यावर लिहिले होते. त्यात अठरा सरकपट्ट्या होत्या आणि त्याचे संभाव्य संयोग सुमारे ४७ कोटी असल्याचे सांगितले जाते. कित्येक दशके ते आव्हान कोणाला पेलले नाही.

१८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज या अमेरिकी कुलूपतज्ज्ञाने ते स्वीकारले. त्याच मुक्कामात त्याने चब कंपनीचे नावाजलेले कुलूपही थोड्या मिनिटांत उघडून दाखविले होते. ब्रॅमाच्या कुलपाने मात्र त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास झुंजविले. त्याने उपयोगात आणलेले तत्त्व वर सांगितलेलेच होते : फिरत्या भागावर सतत ताण ठेवायचा आणि अडकलेली पट्टी शोधून तेवढीच सरकवायची. अटींविषयी वाद झाला, तरी बक्षीस हॉब्जला मिळाले. ते आव्हानकुलूप आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

या घटनेनंतर इंग्लंडात मोठी चर्चा झाली. कुलपांतील दोष जाहीर करणे म्हणजे चोरांना शिकवणी देणे, असे अनेकांचे म्हणणे होते. हॉब्जच्या बाजूचे उत्तर असे, की चोर आपल्या धंद्यात आधीच तरबेज असतात. दोष लपविल्याने अंधारात राहतो तो केवळ प्रामाणिक मालक.

दुसरा प्रसंग आपल्या काळातला. सप्टेंबर २००४ मध्ये अमेरिकेतील सायकलस्वारांमध्ये एक चित्रफीत पसरली. क्रिप्टोनाइट या नामवंत कंपनीचे नळीच्या किल्लीचे महागडे सायकलकुलूप साध्या बॉलपेनच्या प्लास्टिक नळीने उघडताना तीत दाखविले होते. नळीचा व्यास कुलपाच्या तोंडाशी जुळत होता आणि मऊ प्लास्टिकवर पिनांचे ठसे उमटून तीच कामचलाऊ किल्ली बनत होती. गंमत अशी, की हा दोष ब्रिटनमधील सायकलविषयक नियतकालिकात १९९२ मध्येच छापून आलेला होता. बारा वर्षे तो थोड्या लोकांपुरता राहिला. बोभाटा झाल्यावर मात्र कंपनीने कुलुपे बदलून देण्याची योजना जाहीर केली आणि या क्षेत्रातील उत्पादक वेगळ्या घडणीच्या किल्ल्यांकडे वळले. हॉब्जच्या बाजूच्या म्हणण्याला दीडशे वर्षांनंतर मिळालेला हा दाखला होय. ज्यांची सायकल त्या कुलपाच्या भरवशावर रस्त्यात उभी होती, त्यांना दोष ठाऊक असण्याचा हक्क होता.

सर्वच नळीची कुलुपे अशी कमकुवत नसतात, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. चांगल्या प्रतीच्या कुलपांत पिनांच्या स्प्रिंगा वेगवेगळ्या ताकदीच्या असतात, मागच्या पिनांना मध्ये कंबर दिलेली असते, मापे अधिक काटेकोर असतात. प्लास्टिकची नळी त्यांच्यापुढे निरुपयोगी ठरते.

अपरिचित कुलूप ओळखावे कसे

किल्ली नसताना समोर आलेले कुलूप ओळखण्यासाठी बॅटरीचा उजेड, भिंग आणि मिलिमीटरची पट्टी एवढी साधने पुरतात. पुढील बाबी क्रमाने पाहून कागदावर टिपून ठेवाव्यात.

पहिली बाब, आत ठिपके आहेत की पट्ट्या. मध्यखांबाभोवती वाटोळी, चकचकीत टोके दिसली तर कुलूप पिनांचे. खांबाभोवतीच्या अरुंद जागेत धातूच्या पातळ पट्ट्यांच्या कडा उभ्या दिसल्या तर ते ब्रॅमा पद्धतीचे. ब्रॅमाची किल्लीही वेगळी असते : तिची नळी बारीक, टोकाला चिरल्यासारख्या उभ्या खाचा आणि बाजूला एक छोटा दात.

दुसरी बाब, पिनांची संख्या. घड्याळाच्या तबकडीप्रमाणे बाराच्या जागेपासून मोजणी सुरू करावी. एखाद्या जागी ठिपका दिसत नसेल तर तेथे पिन नाही, की ती आत रुतून बसली आहे, हे भिंगाने पाहावे. रुतलेली पिन म्हणजे गंज, मळ किंवा मोडलेली स्प्रिंग.

तिसरी बाब, व्यास. प्रचलित किल्लीच्या नळीचा बाहेरचा व्यास सुमारे साडेनऊ मिलिमीटर असतो. याहून लहान किंवा मोठे तोंड असेल तर साधारण हत्यार आणि साधारण कोरी किल्ली चालणार नाही, हे आधीच कळते.

चौथी बाब, उंचवट्यासाठी असलेली खाच. ती मध्यखांबावर आहे, बाहेरच्या कड्यावर आहे, की दोन्हीकडे आहे, आणि बंद अवस्थेत ती बाराच्या जागी आहे की बाजूला कललेली, हे टिपावे. खाच बाराच्या जागी नसेल तर कोणीतरी कुलूप अर्धवट फिरवून ठेवले असण्याची शक्यता असते.

पाचवी बाब, पिनांचा कल. काही कुलपांत संपूर्ण वर्तुळ खाचेच्या मानाने थोडे डावीकडे किंवा उजवीकडे सरकविलेले असते. एरवी सर्व मापे जुळूनही किल्ली बसत नाही, त्याचे कारण पुष्कळदा हे सरकलेले वर्तुळ असते. काही कुलपांत एखादी पिन वर्तुळाबाहेर किंवा मध्यखांबातही असते. ‘विचित्र’ म्हणून चावीवाल्यांनी परत पाठविलेली कुलुपे बहुधा या गटातली.

सहावी बाब, आकडे आणि अक्षरे. कुलपाच्या तोंडावर, कड्यावर किंवा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत क्रमांक कोरलेला असतो. तो सर्वांत मोलाचा धागा होय.

किल्लीवाचून उघडण्याचे मार्ग

कमी नासधुशीकडून अधिक नासधुशीकडे, असा क्रम ठेवावा.

सर्वप्रथम, दोष कुलपाचाच आहे ना, याची खात्री करावी. पावसाळ्यात फुगलेले लाकडी दार किंवा वाकलेले लोखंडी पान कुलपाच्या जिभेवर दाब आणते. दार आत दाबून धरल्यास किल्ली सहज फिरते, असे अनेकदा घडते. किनारपट्टीच्या खाऱ्या आणि दमट हवेत पिना गंजून रुततात. अशा वेळी घरातले खोबरेल किंवा गोडे तेल ओतण्याचा मोह होतो. ती तेले काही दिवसांनी चिकट होतात आणि धूळ धरून ठेवतात. त्याऐवजी ग्राफाइटची कोरडी भुकटी किंवा कुलपासाठी मिळणारा फवारा थोडासा वापरावा.

दुसरा मार्ग क्रमांकाचा. कुलपावरचा किंवा जुन्या पावतीवरचा क्रमांक उत्पादकाला अथवा विक्रेत्याला कळविल्यास आणि मालकीचा पुरावा दिल्यास त्या क्रमांकाची किल्ली मिळू शकते. त्याचबरोबर एकाच वेळी खरेदी केलेल्या कपाटांच्या किल्ल्या एकमेकांना लावून पाहाव्यात. स्वस्त कपाटांत कारखाना मोजक्याच किल्ल्या आलटून पालटून वापरतो. शेजारच्या खोलीतील कपाटाची किल्ली आपल्या कपाटाला लागणे ही सोय आहे. पण तीच किल्ली इतरही कोणाकडे असू शकते, हे विसरू नये.

तिसरा मार्ग कुशल किल्लीवाल्याचा. वर टिपलेली माहिती आणि कुलपाचे स्पष्ट छायाचित्र त्याला आधी दाखवावे आणि एकच प्रश्न विचारावा : इतक्या पिनांचे आणि इतक्या व्यासाचे नळीचे हत्यार आपल्याकडे आहे का? होकार आला तर कुलूप बिनधक्का उघडून त्याच मापाची नवी किल्ली मिळते. नकार आला तर दुसरा कारागीर शोधावा. ‘बघतो काय होते ते’ म्हणणाऱ्याच्या हाती काम देऊ नये.

चौथा आणि शेवटचा मार्ग ड्रिलचा. नळीच्या कुलपात पिनांचे वर्तुळ वर्तुळाकार करवतीने कापून काढता येते. कुलूप वाया जाते, पण कपाट शाबूत राहते. अशा कुलपांसाठी पत्र्यात पाडलेले भोक बहुधा १९ मिलिमीटरच्या आसपास असते आणि त्याच मापाचे नवे कुलूप बाजारात मिळते. कापताना धातूचा तापलेला कीस आत पडतो. आत कागद असतील तर फटीतून जाड कापड किंवा पुठ्ठा सरकवून आड धरावा, आणि काम संथपणे, थांबत थांबत करून घ्यावे. कपाटाचा पत्रा पहारीने उचकटणे हा मार्गच नव्हे. त्यात कुलूप, कपाट आणि कागद या तिहींची हानी होते.

ब्रॅमा पद्धतीच्या जुन्या पेटीला यांपैकी शेवटचा मार्ग निषिद्ध समजावा. जुन्या लाकडी वस्तूंची दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराकडेच ती न्यावी. घाई नसेल तर ती बंद राहिली तरी चालेल.

हक्क, पुरावा आणि पंचनामा

कुलूप उघडता येणे आणि ते उघडण्याचा हक्क असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३४ नुसार मालमत्ता असलेले किंवा ती असल्याचा समज असलेले बंद पात्र अप्रामाणिक हेतूने फोडणे हा गुन्हा आहे. म्हणून मालकाने स्वतःचे ओळखपत्र आणि मालकीचा पुरावा दाखवावा. चावीवाल्यानेही तो पाहिल्याशिवाय काम हाती घेऊ नये.

दिवंगत व्यक्तीचे कपाट असेल तर एका वारसाने परस्पर ते उघडू नये. सर्व वारसांची संमती घ्यावी, शक्य तितक्यांनी हजर राहावे, आत मिळालेल्या वस्तूंची यादी करून सह्या घ्याव्यात. पुढचे बरेच तंटे या एका कागदाने टळतात. संस्थेच्या कपाटाबाबत कार्यकारिणीचा ठराव, दोन जबाबदार व्यक्तींची उपस्थिती आणि लेखी पंचनामा एवढे अवश्य करावे. इतिवृत्ताची जुनी वही कपाटात ‘नव्हतीच’ की उघडल्यानंतर ‘गेली’, हा वाद संस्थांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालतो, त्याला हाच उतारा आहे. बँकेच्या लॉकरची गोष्ट सर्वस्वी वेगळी. तेथील किल्ली हरवल्यास ताबडतोब बँकेला लेखी कळवावे. लॉकर उघडण्याचे काम बँकेच्या देखरेखीखालीच होते आणि त्याचा खर्च ग्राहकाला सोसावा लागतो.

उघडल्यानंतर

कुलूप उघडले म्हणजे काम संपले असे नव्हे. हरवलेली किल्ली कोणाच्या तरी हाती असू शकते. म्हणून जुनेच कुलूप परत वापरण्याऐवजी ते बदलणे श्रेयस्कर. नव्या कुलपाचा क्रमांक नोंदवहीत लिहावा. दुसरी किल्ली बंद पाकिटात, सहीशिक्क्यासह, वेगळ्या व्यक्तीकडे ठेवावी आणि पदाधिकारी बदलताना किल्ल्यांची देवघेव इतिवृत्तात नोंदवावी. किल्लीचे छायाचित्र मात्र कोणत्याही गटावर पाठवू नये. नळीच्या किल्लीच्या खाचांची खोली स्पष्ट छायाचित्रावरूनही मोजता येते.

कोणत्या कामाला कोणते कुलूप, हेही याच वेळी ठरवावे. साधे नळीचे कुलूप येणाऱ्याजाणाऱ्याचा हात रोखण्यापुरते पुरेसे असते. कचेरीतील खण, सूचनाफलक, यंत्राचे झाकण यांवर ते शोभते. रोकड, दागिने, मूळ दस्तऐवज त्याच्या भरवशावर ठेवू नयेत. दानपेटीसारख्या उघड्यावरच्या वस्तूला ते असेल तर त्याच्या जोडीला वेगळ्या जातीचे दुसरे कुलूप लावावे आणि दोन किल्ल्या दोन व्यक्तींकडे द्याव्यात.